कुत्रा किती लहान असावा?

कुत्र्याच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे एक किलोच्या कुत्र्याचं सगळं रक्त मिळून ८५ मिलिलिटरच्या आसपास. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरच्या पंजाला काच लागली आणि वीस मिलिलिटर रक्त गेलं, तर तो थोडा लंगडेल, पट्टी बांधून घेईल आणि संध्याकाळी पुन्हा फिरायला जाण्यासाठी दारात उभा राहील. तेवढंच रक्त एक किलोच्या कुत्र्याचं गेलं, तर त्याच्या अंगातलं जवळजवळ पाव रक्त संपलेलं असतं. दोन-तीन जुलाब, एक चुकलेलं जेवण, सोफ्यावरून मारलेली एक उडी, चॉकलेटचा एक लहानसा तुकडा, असल्या गोष्टी मोठ्या कुत्र्याच्या आयुष्यात कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. इथे त्यांच्यामुळे मध्यरात्री दवाखाना गाठावा लागतो.

'टीकप', 'मायक्रो', 'पॉकेट' अशा नावांनी विकली जाणारी कुत्री या वजनाची असतात. यातलं एकही नाव जातीचं नाही. जगातले प्रमुख केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्था, 'टीकप' नावाची कोणतीही जात किंवा उपजात मानत नाहीत. ही विक्रीसाठी ठेवलेली नावं आहेत. त्यांच्याआड असतात ते चिवावा, यॉर्कशायर टेरियर, पॉमेरेनियन, माल्टीज अशा आधीच लहान असलेल्या जातींचे आणखी लहान केलेले जीव.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लहान कुत्रा असणं किंवा पाळणं यात काहीही गैर नाही. मांडीवर बसणारी कुत्री ही आजकालची फॅशनही नाही, ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. जनुकांच्या अंगानेही लहान आकार काही परका नाही. कुत्र्याच्या आकारावर मोठा प्रभाव टाकणारं आयजीएफ-१ नावाचं जनुक अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिलं. पुढे २०२२ साली असं आढळलं, की लहान आकाराशी जोडलेलं या जनुकाचं रूप सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्यातही होतं. माणसाने कुत्रा पाळायला सुरुवात करण्याच्या कितीतरी आधी हे रूप निसर्गात होतं. शिवाय लहान जातींची कुत्री सर्वसाधारणपणे राक्षसी आकाराच्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात. पाच-सात किलोचा सुदृढ कुत्रा हा पूर्ण कुत्रा असतो. तो धावतो, उकरतो, भांडतो, म्हातारा होतो.

प्रश्न सुरू होतो तो लहानपणाला तळ उरत नाही तेव्हा. माणसाची उंची हजारो जनुकीय फरकांतून ठरते आणि प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा असतो. कुत्र्याचा आकार मात्र मोजक्या जनुकांच्या हातात आहे. त्यामुळे निवड करून पैदास केली, तर थोड्याच पिढ्यांत कुत्रा खूप लहान करता येतो. पण निरोगी राहून किती लहान होता येईल, याला मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या खाली जाण्यासाठी जे मार्ग वापरले जातात, ते कळले की बाकीचं आपोआप कळतं.

पहिला मार्ग म्हणजे वेतातलं सगळ्यात लहान पिल्लू निवडायचं, दुसऱ्या वेतातलं तसंच पिल्लू शोधायचं आणि मोठी झाल्यावर दोघांची जोडी लावायची. ऐकायला हे साधं वाटतं. पण पिल्लू लहान का राहिलं, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही. कधी गर्भाशयात त्याच्या वाट्याला आलेली वार नीट नव्हती, कधी संसर्ग होता, कधी हृदयात जन्मजात दोष होता. यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीज या जातींत एक विकार वारंवार दिसतो. गर्भात असताना पिल्लाचं बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून जातं आणि जन्मानंतर ती वाट बंद व्हायला हवी. काही पिल्लांत रक्ताला यकृत टाळून जाणारी अशी एखादी वाट कायम राहते. मग यकृत वाढत नाही, अमोनियासारखी विषारी द्रव्यं गाळली जात नाहीत, ती मेंदूपर्यंत पोचतात. जेवल्यावर पिल्लू सुन्न होतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, कधी झटके येतात. आणि या विकाराच्या पहिल्या खुणांपैकी एक कोणती? भावंडांच्या मानाने पिल्लू वाढत नाही. पशुवैद्याने ज्या पिल्लाकडे काळजीने पाहावं, तेच पिल्लू जाहिरातीत 'दुर्मीळ' म्हणून सगळ्यात महाग विकलं जातं. या सगळ्या व्यवहारातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. इथे आजाराचं लक्षण मालाचा गुण बनतं.

दुसरा मार्ग जवळच्या नात्यात पैदास करण्याचा. त्यातून लहान आकार टिकतो, पण झाकलेले दोषही वर येतात. तिसरा मार्ग सरळ फसवणुकीचा. सहा आठवड्यांचं पिल्लू दहा आठवड्यांचं म्हणून विकायचं, किंवा वाढीच्या वयात त्याला अर्धपोटी ठेवायचं. विकत घेणाऱ्याला इवलंसं पिल्लू मिळतं. ते आईपासून लवकर तुटलेलं असतं, लसीकरण अर्धवट असतं आणि काही महिन्यांत ते नेहमीच्या आकाराचं झालं, तर विकणारा फोन उचलत नाही.

आता शरीराचं गणित पाहू. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली, तर त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येतं, पण वजन आठव्या हिश्शावर. म्हणजे शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने कातडी जास्त, आणि उष्णता निसटून जायला जागाही जास्त. ऊब टिकवायची तर इंधन जास्त जाळावं लागतं. कुत्र्याची विश्रांतीच्या अवस्थेतली ऊर्जेची गरज काढायचं पशुवैद्यांचं एक नेहमीचं सूत्र आहे. त्यानुसार तीस किलोच्या कुत्र्याला दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरी लागतात, तर एक किलोच्या कुत्र्याला ७०. गरज दुपटीहून जास्त, आणि साठवण मात्र नखाएवढी. यकृतातली साठवलेली साखर थोडी, अंगावर चरबी थोडी, स्नायू थोडे.

म्हणूनच या पिल्लांत रक्तातली साखर अचानक उतरणं हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वेगाने येणारा धोका. नव्या घराच्या ताणाने पिल्लू एक-दोन वेळा जेवत नाही, किंवा थंडीने कुडकुडतं, किंवा मुलांबरोबर खेळून दमतं. मग ते मलूल होतं, चालताना झोकांड्या खातं, थरथरतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. पुढे झटके येतात, शुद्ध हरपते. मेंदूला साखरेचा अखंड पुरवठा लागतो आणि या पिल्लांच्या शरीराच्या मानाने मेंदू मोठा असतो. घरातल्यांना वाटतं, पिल्लू झोपलंय.

शरीर लहान केलं म्हणून त्यातला प्रत्येक अवयव त्याच प्रमाणात लहान होत नाही. मेंदूच्या बाबतीत हे फार जाचक ठरतं. तान्ह्या बाळाची टाळू जशी काही महिन्यांनी भरते, तशी पिल्लाचीही भरायला हवी. अतिलहान कुत्र्यांत ती अनेकदा आयुष्यभर भरत नाही, डोक्यावर एक मऊ जागा राहते आणि तिच्याखाली हाडाचं संरक्षण नसतं. चिवावाच्या बाबतीत ही उघडी टाळू जातीची खूण म्हणून कौतुकानेही सांगितली गेली आहे. टाळू उघडी असलेलं प्रत्येक कुत्रं आजारी असतं असं नाही. पण मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा विकारही याच जातींत जास्त दिसतो. कवटीचा मागचा भाग अपुरा असेल, तर मेंदूचा खालचा भाग मानेच्या दिशेने ढकलला जातो, द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूच्या आत पोकळ्या तयार होतात. अशा कुत्र्याला मानेला हात लावलेला सोसत नाही. ते चालता चालता थांबून खांद्याजवळ हवेतच खाजवल्यासारखं करतं. बघणाऱ्यांना गंमत वाटते. प्रत्यक्षात त्याला वेदना होत असतात.

त्याच गोलसर कवटीत डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. त्यामुळे ते मोठे टपोरे डोळे दिसतात, आणि म्हणूनच किरकोळ धक्क्यानेही डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो.

दातांचं सांगायचं तर लांडगा असो वा चिवावा, मोठेपणी दात बेचाळीसच. पाच सेंटिमीटरच्या जबड्यात ते दाटीवाटीने, वाकडेतिकडे बसतात, दुधाचे सुळे पडत नाहीत, मध्ये अन्न अडकतं, हिरड्या सडतात. जबड्याचं हाड इतकं बारीक असतं, की हिरड्यांच्या जुन्या आजाराने ते झिजून मोडूही शकतं. दात साफ करायला किंवा काढायला भूल द्यावी लागते आणि भुलेचाही धोका इथे जास्त. पाच किलोंखालच्या कुत्र्यांत भुलेदरम्यान मृत्यूचा धोका मध्यम आकाराच्या कुत्र्यांपेक्षा जास्त असल्याचं ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. शरीर पटकन गार पडतं, श्वासाची नळी घालणं अवघड, शीर सापडणं अवघड, औषधाचा एक थेंब इकडे-तिकडे झाला तरी मात्रा चुकते.

पुढच्या पायांची हाडं पेन्सिलीहूनही बारीक असतात. मनगटाच्या वरच्या भागात रक्तपुरवठाही तुटपुंजा, त्यामुळे मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. यातली कितीतरी हाडं कडेवरून किंवा सोफ्यावरून उडी मारल्यामुळेच मोडलेली असतात. गुडघ्याची वाटी खाचेतून सरकणं तर या जातींत इतकं नेहमीचं आहे, की मध्येच पाय उचलून तीन पायांवर दोन पावलं टाकायची आणि मग पुन्हा नीट चालायचं, ही अनेक मालकांना कुत्र्याची सवय वाटते. श्वासनलिकेच्या कूर्चा मऊ पडून ती चपटी होण्याचा आजारही यांच्यात जास्त. तेव्हा येतो तो कोरडा, भोंगा वाजल्यासारखा खोकला, आणि गळ्यातल्या पट्ट्याला हिसका बसला की तो बळावतो.

या सगळ्यात जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, ती म्हणजे आई. लहान कुत्रीच्या पोटात पिल्लं एक-दोनच असतात. एकच असेल तर ते जास्त वाढतं. पिल्लाचं डोकं गोल आणि मोठं, आईचं कटिहाड अरुंद. कुत्री अडते आणि सिझेरियन करावं लागतं. म्हणून पैदास करणारे बरेचजण अतिलहान मादीला गाभण राहूच देत नाहीत, त्यासाठी मोठी मादी ठेवतात. ज्या 'प्रकाराच्या' माद्यांना सुखरूप विणं जमत नाही, तो प्रकार तयार करत राहणं कितपत योग्य आहे, हा प्रश्न इथेच उभा राहतो.

इतकं असूनही ही कुत्री आपल्याला हवीहवीशी का वाटतात? ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लॉरेंझ यांनी १९४३ साली याचं एक उत्तर मांडलं. मोठं डोकं, उंच कपाळ, मोठे डोळे, आखूड हातपाय ही तान्ह्या बाळाची ठेवण दिसली, की माणसाच्या मनात जपण्याची ऊर्मी आपोआप उठते. ती ऊर्मी चांगलीच आहे, तिच्यावर माणसांची पोरं जगतात. पण पैदास करणारा जेव्हा ती ठेवण आणखी आणखी वाढवत नेतो, तेव्हा आपण ज्याच्या लोभात पडतो, त्याच रूपात त्या जिवाचं दुखणं असतं. मालकाचं प्रेम खरंच असतं. या कुत्र्यांवर लोक पोटच्या पोरासारखी माया करतात आणि रात्र रात्र जागतात. मायेने टाळू भरत नाही, एवढंच.

कुत्र्याच्या वागण्यावर होणारा परिणाम चटकन दिसत नाही. पिशवीतून, कडेवरून नेलं जाणारं कुत्रं जमीन हुंगत नाही, दुसऱ्या कुत्र्याला स्वतःच्या चालीने भेटत नाही, नको असलेल्या हातापासून दूर जाऊ शकत नाही. मोठा कुत्रा गुरगुरला की माणसं मागे सरतात. हे गुरगुरलं की हसतात आणि उचलून घेतात. नको म्हणायचा त्याचा एकमेव मार्ग कुणी ऐकत नाही, तेव्हा ते चावतं आणि 'चिडकं' ठरतं. लहान कुत्र्यांचे मालक शिकवण्यात कमी सातत्य ठेवतात, असं ऑस्ट्रियातल्या संशोधकांना २०१० साली आढळलं होतं.

पैदास करणाऱ्यांचा एक युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, ही पैदास केली नसती तर हे पिल्लू जन्मालाच आलं नसतं. दुखणं असलं तरी त्याला आयुष्य मिळालं, मग त्याचं नुकसान कुठे झालं? ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ साली माणसांच्या पुढच्या पिढ्यांबद्दल हाच पेच मांडला होता आणि तो सोपा नाही. त्या एका पिल्लापुरतं पाहिलं, तर त्याच्यासाठी जगणं हे न जगण्यापेक्षा बरं असू शकेल. पण जोडी लावताना पैदास करणाऱ्यासमोर ते पिल्लू नसतंच. त्याच्यासमोर पर्याय असतात: कोणत्या नर-मादीची जोडी लावायची, कोणत्या वजनाची. माणसाला सोबत तीन किलोच्या सुदृढ कुत्र्यानेही तितकीच मिळते. तरीही ज्याला दुखणी येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, असा जीव मुद्दाम निवडायचा, आणि तो केवळ दिसण्यासाठी. आनंद एकाचा आणि दुखणं दुसऱ्याचं, अशी ही वाटणी आहे. मला ती अन्यायाची वाटते.

आता नियमांकडे वळू. अमेरिकन केनेल क्लबच्या जातीच्या निकषात चिवावाचं वजन ६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे २.७ किलोंच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. यॉर्कशायर टेरियरसाठी ही मर्यादा ७ पौंड. दोन्हीकडे वरची मर्यादा आहे, खालची नाही. कुत्रा थोडा मोठा झाला तर दोषी, कितीही लहान झाला तर चालेल. युरोपात पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी १९८७ साली करार झाला. त्या कराराखाली १९९५ साली झालेल्या ठरावात, फार लहान कुत्र्यांसाठी उंचीची किंवा वजनाची किमान मर्यादा ठरवावी, अशी शिफारस केली गेली. कारणं दिली होती ती वर आलेलीच: न भरलेली टाळू, हाडं मोडणं, वाटी सरकणं, श्वासनलिका चपटी होणं. म्हणजे उपाय तीस वर्षांपूर्वीच कागदावर आला होता.

जर्मनीच्या प्राणिकल्याण कायद्यात यातना देणाऱ्या पैदाशीवर बंदीचं स्वतंत्र कलम आहे. नॉर्वेत प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलची सध्याची पैदास कायद्याविरुद्ध असल्याचा निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये लागला. ही जात अतिलहान नाही, पण तिच्या मुख्य त्रासांपैकी एक मेंदूला कवटी अपुरी पडण्याचाच. न्यायालयाने पाळण्यावर बंदी घातली नाही, प्रश्न पैदाशीचा होता. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. जन्मलेल्या कुत्र्याचा काही दोष नाही आणि त्याला सांभाळणाऱ्या घराचाही नाही.

घरी असं कुत्रं असेल तर बरंच काही करता येतं. पिल्लू असताना दर तीन-चार तासांनी थोडं थोडं खाऊ घालायचं, रात्रीही. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा हार्नेस वापरायचा. पलंग आणि सोफ्याला उतरता पाट लावायचा, उडी मारूच द्यायची नाही. दात रोज घासायचे. पिल्लू मलूल होऊन झोकांड्या खाऊ लागलं, तर मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांवर चोळायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. 'शुगर-फ्री' पदार्थ तर अजिबात द्यायचा नाही, कारण त्यात साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असू शकतं आणि त्याने कुत्र्याची साखर आणखी कोसळते. आणि त्याला रोज जमिनीवर सोडायचं, सुरक्षित जागी, त्याच्या नाकाला हवं तितका वेळ.

नवं कुत्रं घ्यायचं असेल, तर पिल्लू किती लहान राहील हे विचारूच नका. आईला प्रत्यक्ष बघा, तिचं वजन विचारा, आधीची बाळंतपणं कशी झाली ते विचारा, जन्मतारखेचा आणि लसींचा कागद मागा, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. निवारा केंद्रांत मोठी झालेली लहान कुत्रीही असतात. त्यांचं पूर्ण वाढलेलं वजन आणि स्वभाव आधीच दिसतो. एक मोह मात्र टाळायला हवा, तो म्हणजे पिंजऱ्यातलं आजारी, इवलंसं पिल्लू बघून त्याची सुटका करायची म्हणून ते विकत घेण्याचा. त्या पिल्लाचं कदाचित भलं होईल, पण विकणाऱ्याच्या दृष्टीने तो एक झालेला सौदा असतो आणि रिकाम्या जागेसाठी तो पुढची जोडी लावतो. अशा वेळी ठिकाण, तारीख आणि पिल्लांची अवस्था टिपून, जमल्यास फोटो काढून, प्राणिकल्याणाचं काम पाहणाऱ्या यंत्रणेकडे लेखी तक्रार करा.